पुलाच्या अलीकडं

आमचं स्टेशन पटकन सापडत नाही.
काटा डावीकडं न्यायचा, नव्वदच्या जरा खाली,
आरतीची घंटा ऐकू आली की समजायचं
पुढं गेलो. मागं यायचं,
नखाएवढं.

उद्यमनगर, तिसरा मजला. तळाला पांडबा सुतारांचं लेथ.
ते सहाला बंद होतं, मग आम्ही सुरू.
आधी लावलं तर सगळ्या गाण्यांना
लोखंडाचा कीस लागतो.

पन्नास वॅट. दस्तगीरचाचा म्हणायचे,
जिन्यातल्या बल्बला लागतं तेवढ्यात
आपण गाव उजळायला निघालोय.
चाचा जाऊन दोन वर्षं झाली.
त्यांच्या खुर्चीवर आता
लायसन नूतनीकरणाची फाईल बसते
माझ्याकडं बघत.

जाहिराती तीन. पिठाची गिरण, मंगल कार्यालय,
आणि म्हशीची पेंड.
पेंडवाले पैसे देत नाहीत, पोतं देतात.
मला म्हैस नाही. पांडबांना आहे.
भाड्यातनं तेवढं वजा.

तबकडी फिरवायचं रबर तुटलं, तर त्यांनीच
सायकलच्या ट्यूबमधनं एक कापून दिलं.
तेव्हापासून सगळेच पाव सूर खाली गातात.
तक्रार कुणाची नाही. सुभाषनगरातनं
चपलांना टाके घालता घालता एका आजोबांनी
फोन केला तेवढा:
बाई आता दमल्यासारख्या गात्यात.
बरं वाटतंय. आमच्याच वयाच्या झाल्या.

महापुरात वीज गेली, तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर
चाचा पाच दिवस बोलले होते.
दोन गाण्यांच्या मध्ये बंधाऱ्यावरचं पाणी, फुटांत,
त्याच आवाजात, जणू पुढच्या गाण्याचा राग सांगतायत.
तेव्हा सगळं गाव आम्हाला ऐकत होतं.
पाणी उतरलं,
तसं गावही उतरलं.

राहिले ते राहिले.
त्यातले एक रावसो कुंभोजे, गुळाचा ट्रक.
रात्री नऊला शाहूपुरीतनं भरून निघतात,
तावडे हॉटेलच्या चौकातनं फोन करतात: लावा.
मी लावते. नेहमीची तीच,
लेबल वाळवीनं खाल्लेली,
काठाला टवका, म्हणून पहिली ओळ
तीनदा उंबऱ्याला ठेच लागल्यासारखी.
मग बाई सावरते आणि आत येते.

पंचगंगेच्या पुलावर आमची हद्द संपते.
पलीकडं शिरोली, नुसती खरखर,
आणि खरखरीतनं एकदम
मोबाईलच्या रिचार्जची जाहिरात.

त्या काळच्या बाया गाणं संपलं की
घाईघाईनं स्वतःचं नाव सांगायच्या,
तबकडी संपायच्या आत, कुणी विसरू नये म्हणून.
हीसुद्धा सांगते.
पण तोवर ट्रक पुलावर.

अकरा वर्षं ऐकतोय, रावसो म्हणाले,
नाव काय हो बाईचं?
माझ्या जिभेवर होतं.
म्हटलं, ती सांगते की शेवटी.
तिच्याच तोंडून ऐका.
फोन ठेवला आणि वाटलं, उगाच केलं.
ताटातलं ओढून घेतल्यासारखं.

परवा नऊ वीसला फोन वाजला.
पलीकडनं कुणी बोलेना.
इंडिकेटरची टिकटिक फक्त,
मागच्या गाड्यांचे हॉर्न, कुणाची तरी शिवी,
आणि त्या सगळ्याच्या तळाशी बारीक
माझंच स्टेशन, मलाच ऐकू येणारं,
शेवटची तान, श्वास, मग ते नाव.
मग सुईचं नुसतं घासणं.
ऐकलं, म्हणाले.
ट्रकचा गिअर पडला.

फाईलमध्ये एक रकाना आहे,
श्रोत्यांची अंदाजे संख्या.
मी आकडा लिहिते. खोडते. पुन्हा लिहिते.
मुदत शुक्रवारी संपते,
आणि सुईसुद्धा आता फार तर महिनाभर.

काल चौकातनं परत तेच: लावा.
म्हटलं, आता नाव कळलं की.
असू दे, म्हणाले,
पुलाच्या अलीकडं
गाडी लावायला जागा हाय.